टणक नायट्राइड लेप

टणक नायट्राइड लेप हे कापणारी हत्यारे, साचे आणि यंत्रांचे घासले जाणारे भाग यांच्या पृष्ठभागावर चढवलेले, धातू व नायट्रोजन यांच्या संयुगांचे अतिशय पातळ संरक्षक थर होत. त्यांची जाडी बहुधा १ ते ५ मायक्रॉन असते (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो). टिटॅनियम नायट्राइड हा या गटातील सर्वांत परिचित लेप होय. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सोनेरी ड्रिलवरचा रंग त्याचाच असतो, निदान तशी अपेक्षा असते. क्रोमियम नायट्राइड, टिटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड, ॲल्युमिनियम-क्रोमियम नायट्राइड आणि झिर्कोनियम नायट्राइड हे इतर महत्त्वाचे लेप आहेत.

या लेपांची माहिती देताना त्यांच्या कठिनतेचा आकडा सर्वांत आधी सांगितला जातो. हा आकडा सहसा खोलीच्या तापमानाला मोजलेला असतो. हत्याराची धार मात्र काम करताना कित्येकशे अंश सेल्सियसपर्यंत तापते. म्हणून तापल्यावर लेप किती टणक राहतो, हवेतील ऑक्सिजनपुढे किती टिकतो आणि खालच्या पदार्थाला किती घट्ट धरून राहतो, यांवर त्याची खरी उपयुक्तता ठरते. सोलापूर परिसरात कॅमशाफ्टची निर्मिती, गणवेशांची शिलाई आणि साखर कारखाने हे उद्योग एकमेकांच्या जवळ आहेत. पातळ लेप कोठे उपयोगी पडतो आणि कोठे पडत नाही, हे या तीन उद्योगांच्या उदाहरणांतून चांगले समजते.

नावातील गोंधळ

नायट्राइड लेप आणि नायट्रायडिंग या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. नायट्रायडिंगमध्ये पोलादाचा भाग सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सियस तापमानाला अमोनिया वायूत, क्षारद्रावात किंवा प्लाझ्मात ठेवतात. नायट्रोजनाचे अणू पोलादात शिरतात आणि पृष्ठभागापासून काही दशांश मिलिमीटर खोलीपर्यंतचा भाग कठीण होतो. येथे बाहेरून काहीही बसवलेले नसते. पोलादाचाच पृष्ठभाग बदलतो. पोलादाच्या प्रकारानुसार मिळणारी कठिनता साधारणपणे ७०० ते ११०० व्हिकर्स असते. लेपाच्या बाबतीत मात्र वेगळ्या पदार्थाचा थर वरून बसवला जातो, आणि थर व पोलाद यांच्यामध्ये स्पष्ट सीमा असते. दोन्ही प्रक्रिया एकापाठोपाठ एक केल्या जातात तेव्हा हा गोंधळ आणखी वाढतो. काही साच्यांना आधी नायट्रायडिंग आणि मग क्रोमियम नायट्राइडचा लेप दिला जातो. त्याचे कारण पुढे आधारद्रव्याच्या विभागात दिले आहे.

संरचना व कठिनता

टिटॅनियम नायट्राइडची स्फटिकरचना मिठासारखी, म्हणजे घनाकृती असते: टिटॅनियमचे अणू घनाच्या जाळीत बसतात आणि मधल्या पोकळ्यांत नायट्रोजनाचे अणू येतात. हे अणू सहसंयुज व धातवीय अशा दोन्ही बंधांनी जोडलेले असतात. पहिल्यामुळे पदार्थ टणक होतो व त्याचा वितळबिंदू सुमारे २९५० अंश सेल्सियसपर्यंत जातो. दुसऱ्यामुळे तो वीज वाहतो आणि धातूसारखा चमकतो. निसर्गात हे संयुग फारच दुर्मीळ आहे. आज उत्तर प्रदेशात असलेल्या बस्ती येथे १८५२ साली पडलेल्या अशनीत ते प्रथम आढळले व त्या खनिजाला ऑस्बोर्नाइट हे नाव देण्यात आले. कारखान्यात वापरला जाणारा लेप मात्र संपूर्णपणे मानवनिर्मित असतो.

तुलनेसाठी काही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पाणी दिलेल्या हायस्पीड पोलादाची कठिनता साधारण ८०० ते ९०० व्हिकर्स, कठीण क्रोमच्या मुलाम्याची ९०० ते १००० व टंगस्टन कार्बाइडच्या हत्याराची १४०० ते १८०० व्हिकर्स असते. क्रोमियम नायट्राइड १८०० च्या, तर टिटॅनियम नायट्राइड २००० ते २४०० व्हिकर्सच्या आसपास भरते. टिटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड ३००० च्या पुढे जाते. आधुनिक लेखनात हेच मूल्य गिगॅपास्कलमध्ये देतात. १ गिगॅपास्कल म्हणजे ढोबळमानाने १०० व्हिकर्स.

एकाच संयुगाच्या लेपाचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे दिसतात. याचे कारण लेप बनण्याच्या पद्धतीत आहे. लेप चढताना वेगवान आयन पृष्ठभागावर आदळतात. त्यामुळे जाळीत दोष निर्माण होतात आणि लेपात कित्येक गिगॅपास्कलचा संपीडक ताण साठतो. स्फटिककणही अतिसूक्ष्म राहतात. या सर्वांमुळे टिटॅनियम नायट्राइडचा लेप त्याच संयुगाच्या मोठ्या ठोकळ्यापेक्षा अधिक कठीण भरू शकतो. ठोकळ्याची कठिनता सुमारे २१ गिगॅपास्कल असते. लेपात ३० पर्यंतची मूल्येही मिळतात. ही जास्तीची कठिनता उसनी असते, आणि उष्णता ती परत घेते.

दोन नायट्राइडांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटूनपालटून बसवल्यास कठिनता आणखी वाढते. १९८७ साली उल्फ हेल्मरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिटॅनियम नायट्राइड व व्हॅनेडियम नायट्राइड यांच्या अशा थरांत ५००० व्हिकर्सपेक्षा जास्त कठिनता मिळाल्याचे दाखवले. थरजोडीची जाडी तेव्हा सुमारे ५ नॅनोमीटर होती. १९९५ मध्ये स्टान व्हेप्रेक आणि सिगफ्रीड रायप्रिख यांनी सिलिकॉन नायट्राइडच्या अस्फटिकी आवरणात टिटॅनियम नायट्राइडचे सूक्ष्म कण बसवण्याची कल्पना मांडली. त्यातून पुढे हिऱ्याच्या जवळ जाणाऱ्या कठिनतेचे दावे केले गेले, पण ते आकडे इतर प्रयोगशाळांत सहज मिळाले नाहीत आणि मापनपद्धतीबद्दल दीर्घ वाद झाला. बाजारात आलेल्या अशा लेपांची कठिनता त्या दाव्यांपेक्षा बरीच कमी असते. तरीही ते चांगले लेप आहेत.

मापन

तीन मायक्रॉनच्या थराची कठिनता मोजताना हिऱ्याचे टोक फार खोल गेले, तर खालच्या धातूचीच कठिनता मोजली जाते. यासाठी टोकाचा शिरकाव थराच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षा कमी ठेवावा, असा संकेत आहे. तीन मायक्रॉनच्या थरासाठी ही मर्यादा ०.३ मायक्रॉन होते. एवढा लहान ठसा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली भरवशाने मोजता येत नाही. म्हणून भार आणि खोली यांचा आलेख सतत नोंदवणारी नॅनोदाबन पद्धत वापरतात. तिचे आजचे प्रमाण स्वरूप वॉरन ऑलिव्हर आणि जॉर्ज फार यांच्या १९९२ च्या कामावर आधारलेले आहे.

चिकटपणा तपासण्यासाठी दोन चाचण्या रूढ आहेत. एकीत हिऱ्याचे टोक वाढत्या भाराखाली लेपावरून ओढतात आणि कोणत्या भाराला लेप सुटतो ते पाहतात. दुसरीत रॉकवेल यंत्राने ठसा उमटवून त्याच्या कडेभोवतीच्या भेगा व टवके पाहतात. दुसरी चाचणी साध्या कार्यशाळेतही करता येते. लेप निकृष्ट असेल तर ठशाभोवती तो पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो.

उष्णतेचा परिणाम

‘उष्णतारोधक’ हा शब्द या लेपांच्या संदर्भात किमान चार वेगळ्या अर्थांनी वापरला जातो, आणि त्यांची सरमिसळ झाल्याने चुकीचे निष्कर्ष निघतात.

पहिला अर्थ तप्त कठिनतेचा, म्हणजे गरम असताना मोजलेल्या कठिनतेचा. सर्व नायट्राइड तापल्यावर मऊ होतात. टिटॅनियम नायट्राइडची कठिनता हजार अंश सेल्सियसच्या जवळ मूळच्या निम्म्याहूनही कमी होते. तरीही तो लेप उपयोगी पडतो, कारण त्याच तापमानाला खालचे पोलाद त्याहून कितीतरी अधिक मऊ झालेले असते. हायस्पीड पोलाद सुमारे ६०० अंशांनंतर वेगाने नरम पडते.

दुसरा अर्थ तापवून थंड केल्यावर उरणाऱ्या कठिनतेचा. टिटॅनियम नायट्राइडचा लेप चढवतानाच्या तापमानापेक्षा बराच वर तापवला, की जाळीतील दोष भरून येतात, ताण सैलावतो आणि उसनी कठिनता नाहीशी होते. टिटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचे वर्तन मात्र उलट दिसते: तापवल्यावर त्याची कठिनता काही काळ वाढते. ॲल्युमिनियम नायट्राइडला घनाकृती टिटॅनियम नायट्राइडच्या जाळीत राहणे मुळात मानवत नाही. चढवण्याचे तापमान कमी असल्याने ते तेथे अडकून पडलेले असते. सुमारे ८०० ते ९०० अंशांना अणूंना हालचाल करता येते, आणि द्रव्य टिटॅनियमबहुल व ॲल्युमिनियमबहुल अशा काही नॅनोमीटरच्या घनाकृती भागांत विभागले जाते. या भागांच्या सीमांवरील विकृतीमुळे जाळीतील सरकणे अवघड होते व कठिनता वाढते. २००३ मध्ये पॉल मायरहोफर, लार्स हुल्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वयकठिनीकरणाचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. तापमान आणखी वाढले, तर ॲल्युमिनियम नायट्राइड आपल्या स्वाभाविक षट्कोनी रचनेत जाते, त्याचे आकारमान वाढते व कठिनता घसरते. हत्यार नेमके ज्या तापमानाला चालते त्याच पट्ट्यात लेप कठीण व्हावा, हा सुखद योगायोग आहे. या लेपाच्या यशाचा मोठा वाटा त्याला जातो.

तिसरा अर्थ ऑक्सिडीभवनाला होणाऱ्या विरोधाचा. टिटॅनियम नायट्राइड हवेत ५०० ते ५५० अंशांपासून ऑक्सिडीभूत होऊ लागते. तयार होणाऱ्या टिटॅनियम डायऑक्साइडचे आकारमान मूळ नायट्राइडच्या दीडपटीहून अधिक असते. त्यामुळे थर फुगतो, भेगाळतो आणि गळून पडतो. त्यात ॲल्युमिनियम मिसळले की वरच्या बाजूस ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दाट पडदा तयार होतो व ऑक्सिजनाची वाट अडते. त्यामुळे सहन होणारे तापमान ८०० अंशांच्या आसपास जाते. व्होल्फ-डीटर म्युन्झ यांनी १९८६ मध्ये हा लेप टिटॅनियम नायट्राइडला पर्याय म्हणून मांडला, तेव्हा मुख्य मुद्दा हाच होता. क्रोमियम नायट्राइडवर क्रोमियम ऑक्साइडचा असाच दाट थर येतो व तो सुमारे ७०० अंशांपर्यंत काम करतो. ॲल्युमिनियम-क्रोमियम नायट्राइडमध्ये दोन्ही ऑक्साइडांचा लाभ मिळतो. हा लेप १००० अंशांपलीकडेही टिकतो. ॲल्युमिनियम वाढवत नेल्यास फायदा वाढत जातो, पण टिटॅनियमबरोबरच्या मिश्रणात धातूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश अणू ॲल्युमिनियमचे झाले की घनाकृती रचना मोडते आणि लेप एकदम मऊ होतो.

चौथा अर्थ, उष्णता आत जाऊ न देण्याचा, सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी खरा आहे. टिटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडची उष्णतावाहकता कमी असते हे बरोबर आहे. परंतु तीन मायक्रॉनचा थर उष्णता ओलांडते ती सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आत. अखंड चालणाऱ्या कर्तनात असा थर खालच्या हत्याराला थंड ठेवू शकत नाही. लेपामुळे हत्यारात कमी उष्णता शिरते त्याची मुख्य कारणे दुसरी आहेत: धातूचा किस हत्याराला चिकटत नाही, घर्षण घटते आणि किस व हत्यार यांच्यातील स्पर्शाचे क्षेत्र आखूड होते.

थंड करण्याच्या बाबतीतही काळजी घ्यावी लागते. फिरत्या मिलिंग कटरचा दात एका फेरीत कापताना तापतो आणि बाहेर येताच निवतो. अशा वेळी त्यावर पाण्याचे शीतक ओतल्यास चढउतार आणखी तीव्र होतो व कार्बाइडमध्ये धारेला काटकोनात भेगा पडतात. म्हणून कठीण पोलादाच्या मिलिंगमध्ये ॲल्युमिनियमबहुल लेपाची कार्बाइड हत्यारे पुष्कळदा कोरडी, केवळ हवेच्या झोतावर चालवतात.

लेप चढवण्याच्या पद्धती

रासायनिक बाष्प निक्षेपणात टिटॅनियम टेट्राक्लोराइड, हायड्रोजन व नायट्रोजन यांची सुमारे १००० अंश सेल्सियसला अभिक्रिया घडवतात. थर जाड व घट्ट बसतो. कार्बाइडच्या टिकल्यांसाठी (इन्सर्टसाठी) ही पद्धत १९६९ पासून व्यापारी वापरात आहे. तेव्हाचा लेप टिटॅनियम कार्बाइडचा होता. हायस्पीड पोलादाला मात्र ती चालत नाही. हे पोलाद सुमारे ५५० अंशांना मंदावलेले असते. हजार अंशांना त्याचे पाणी उतरते आणि ते वाकते.

ही अडचण भौतिक बाष्प निक्षेपणाने सुटली. निर्वात पात्रात घन टिटॅनियमवर विद्युत चाप चालवून किंवा आयनांचा मारा करून अणू उडवतात व पात्रात थोडा नायट्रोजन सोडतात. हत्यार २०० ते ५०० अंशांवरच राहते. १९८० च्या सुमारास सोनेरी ड्रिल बाजारात आले ते या पद्धतीमुळे. चाप पद्धतीत धातूचे वितळलेले बारीक थेंबही उडून थरात रुततात व पृष्ठभाग खरखरीत होतो. आयनमाऱ्याच्या पद्धतीत थर गुळगुळीत येतो, पण काम हळू चालते. दोन्ही पद्धतींत पूर्वस्वच्छतेला फार महत्त्व आहे. बोटाच्या ठशातील तेलानेही लेप सुटू शकतो.

आधारद्रव्याचे महत्त्व

मऊ लोखंडावर टणक लेप देणे म्हणजे गादीवर काच अंथरणे होय. भार पडताच खालचा धातू दबतो, वरचा थर वाकू शकत नाही आणि फुटतो. सुटलेले कण स्वतःच घासणारी पूड बनून झीज वाढवतात. त्यामुळे लेपाखालचे द्रव्य आधीच कठीण असावे लागते. पोलादी साच्यांना लेपाआधी नायट्रायडिंग करतात ते याच कारणाने: मऊ गाभा आणि टणक थर यांच्यामध्ये कठिनतेची एक पायरी तयार होते.

प्रसरणाचाही संबंध येतो. टिटॅनियम नायट्राइड एका अंशाला दशलक्षांशी सुमारे ९ भाग प्रसरण पावते, पोलाद ११ ते १२ आणि टंगस्टन कार्बाइड ५ ते ६ भाग. लेप चढवल्यावर थंड होताना पोलाद लेपापेक्षा अधिक आकसते व लेप दाबला जातो. हे हिताचे असते. कार्बाइडवर उलट घडते, लेप ताणला जातो. हजार अंशांवरून थंड झालेल्या कार्बाइडवरील जाड लेपांत केसासारख्या भेगा आढळतात त्या यामुळेच.

सोलापूर परिसरातील उपयोग

सोलापूरची औद्योगिक ओळख कापडाची. १८७७ मध्ये येथे पहिली सूतगिरणी उभी राहिली, आणि चादरी व टॉवेल यांनी शहराचे नाव देशभर नेले. अलीकडच्या काळात अभियांत्रिकी उत्पादनाचीही भर पडली. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनवते.

बिडाचा कॅमशाफ्ट हे हत्याराची परीक्षा पाहणारे काम आहे. ओतकामाच्या साच्यात कॅमच्या जागी लोखंडी तुकडे बसवतात. तेथे रस झटकन गोठतो आणि लोहकार्बाइडयुक्त कठीण पांढरे बीड तयार होते. मधला दांडा सावकाश निवतो व ग्रॅफाइटयुक्त, तुलनेने मऊ करडे बीड राहतो. लोहकार्बाइडचे कण सुमारे १००० व्हिकर्सचे असतात. लेप नसलेल्या हायस्पीड पोलादापेक्षा हे कण कठीण आहेत. टिटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडपेक्षा मात्र बरेच मऊ. बिडाच्या अशा भागांत तेलाची छिद्रे पाडण्याच्या कार्बाइड ड्रिलवर हा लेप उपयुक्त ठरतो तो या तफावतीमुळे. सर्व कामे नायट्राइडाचीच असतात असे नाही: बिडाच्या टर्निंगसाठी टिटॅनियम कार्बोनायट्राइड व ॲल्युमिनियम ऑक्साइड यांचे १० ते २० मायक्रॉनचे जाड थर अधिक चालतात. कॅमचा अंतिम आकार घासून काढण्यासाठी घनाकृती बोरॉन नायट्राइडच्या चाकांचा वापर सर्वत्र रूढ आहे. हेही नायट्राइडच, पण तेथे ते लेपाच्या रूपात नसून कणांच्या रूपात असते.

शहरातील गणवेश शिलाईच्या व्यवसायाशी या लेपाचा संबंध सुईच्या द्वारे येतो. औद्योगिक शिलाई यंत्रांसाठी टिटॅनियम नायट्राइडचा लेप असलेल्या सोनेरी सुया मिळतात. दाट कापडात वेगाने शिवताना सुईचे तापमान २०० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि पॉलिस्टरचा धागा २५० ते २६० अंशांना वितळतो. सोनेरी लेप सुईला थंड ठेवतो, ही समजूत वरच्या चौथ्या अर्थाचाच अवतार आहे. लेपाचे खरे काम टोक बोथट होऊ न देण्याचे आहे; साध्या सुईवरील क्रोमच्या मुलाम्याच्या तुलनेत तो दुपटीहून अधिक कठीण असतो. बोथट सुई कापडाचे सूत बाजूला सारण्याऐवजी तोडते, म्हणून टोक टिकणे महत्त्वाचे. तापमान कमी ठेवायचे तर वेग, सुईची जाडी आणि धाग्याला दिलेले वंगण यांकडेच पाहावे लागते.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने मोठ्या संख्येने आहेत. उसाचे तुकडे करणारी पाती आणि उसाचा भुगा करणारे हातोडे माती व दगडगोट्यांसह येणाऱ्या उसावर आदळतात. येथे तीन मायक्रॉनच्या लेपाचा काही उपयोग नाही. पहिल्याच खड्यासरशी तो जातो. अशा भागांवर क्रोमियम कार्बाइडयुक्त मिश्रधातूचे, काही मिलिमीटर जाडीचे थर वेल्डिंगने चढवतात, आणि ते झिजले की पुन्हा भरतात.

खरेदी व पुन्हा धार लावणे

सोनेरी रंग हा दर्जाचा पुरावा नाही. झिर्कोनियम व टिटॅनियम यांचे नायट्राइड घड्याळे, नळ आणि दागिन्यांवर केवळ शोभेसाठीही वापरतात. तेथे एक मायक्रॉनहून कमी थरही पुरतो. हत्याराच्या बाबतीत लेपाचे संयुग, जाडी आणि मुख्य म्हणजे खालच्या पोलादाची प्रत पाहावी लागते. हलक्या पोलादाचा सोनेरी ड्रिल चांगल्या पोलादाच्या बिनलेपाच्या ड्रिलपेक्षा लवकर खलास होतो.

ड्रिलला पुन्हा धार लावली की टोकावरचा लेप निघून जातो, पण किस वाहून नेणाऱ्या खोबणीतील लेप शिल्लक राहतो व काही प्रमाणात फायदा देत राहतो. महाग हत्यारे धार लावल्यावर पुन्हा लेपासाठी पाठवली जातात. अशी सेवा देणारी केंद्रे पुणे परिसरात आहेत. जुन्या थरावर नवे थर चढवत गेल्यास साठलेल्या ताणामुळे कडेला टवके उडतात, म्हणून काही फेऱ्यांनंतर जुना लेप उतरवावा लागतो. हायस्पीड पोलादावरील टिटॅनियम नायट्राइड हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात विरघळवता येते. कार्बाइडवर तीच कृती जपून करावी लागते, कारण हे द्रावण कण बांधून ठेवणाऱ्या कोबाल्टवरही हल्ला करते आणि धार ठिसूळ होते.